हिलाल भगताचा प्याला

आमच्या मंडळीत अजूनही काही जण तोंड वर करून सांगतात, की हिलाल भगत प्याल्याविना मेला. प्याला म्हणजे प्रभुभोजनाचा. आम्हा ख्रिस्ती माणसांना तो केवढा, हे बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. माणूस मरायला टेकला की आमच्यात डॉक्टरच्या आधी पाळकाला हाक जाते, की या, भाकरीचा तुकडा आणि प्याला देऊन जा. ते न घेता जो गेला तो उपाशी गेला, असं आमच्या जुन्या बाया मानतात. हिलाल उपाशी गेला म्हणे. साफ खोटं. मी तिथं होते, हे बोलणारे कुठं होते?

मी सुनंदाबाई. धुळे-जळगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला, बोरीकाठी, मिशनचा लहानसा दवाखाना आहे. तिथं मी मलमपट्टी करते. गळवं, भाजलेलं, विळा लागलेलं, बैलानं मारलेलं, सगळं माझ्या हाताखालून जातं. माझी जीभ तिखट आहे हे मला नवऱ्यानं सांगून झालं, पाळकांनी सांगून झालं, डॉक्टरीणबाई तर अजून सांगतात. असू दे तिखट. गुळमुळीत बोलून जखम धुता येत नाही.

हिलाल पहिल्यांदा आला तो पाठ दाखवायला. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. तीन कोसांवर लोणवाडी नावाचं गाव आहे, तिथला तो भगत. चैत्री पुनवेला तिथं बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं, पोरंबाळं, म्हाताऱ्या, ज्याला जागा मिळेल त्यानं चढायचं. पुढे एकटा भगत. अंगाला हळद, कमरेला कापडाचा जाड पट्टा, पट्ट्यात लोखंडी आकडा आणि आकड्याला गाड्यांचा दोर. दोन बाजूंना धरायला दोन गडी, त्यांना बगले म्हणतात. मरीआईच्या देवळापासून गावाच्या शिवेपर्यंत त्यानं त्या ओढत न्यायच्या. मागून किती का हात लागेनात, ओढणारा तो.

आणि ओढायच्या आधी सगळं गाव रांगेनं येऊन त्याच्या पाठीला हळदीचा हात लावतं. वर्षाची रोगराई, पटकी, ताप, कुणाची कूस उजवत नाही ते, कुणी कुणाचं वाईट केलेलं ते, सगळं त्या हातानं भगताच्या पाठीवर चढतं. तो ते शिवेपार नेऊन टाकतो, आणि गाव वर्षभर सुखानं झोपतं. हिलालचा आजा ओढायचा, बाप ओढायचा, मग हिलाल.

त्या वर्षी पट्टा घसरला आणि आकडा पाठीत रुतला. या शहाण्यानं जखमेत शेण आणि हळद भरून ती कुजेपर्यंत वाट पाहिली. मी शिव्या देत देतच धुतली. एवढा मोठा गडी, हूं का चूं नाही. फक्त म्हणाला, "बाई, हात जपीसन लावा. या पाठवर गावनं बठ्ठं शे."

मी म्हटलं, "गावाचं काय घेऊन बसलास? अळ्या झाल्यात, त्या तुझ्या एकट्याच्या आहेत."

तो हसला. हसला की चांगला दिसायचा. बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही, घरात धाकटा भाऊ अभिमन आणि त्याचा संसार.

महिनाभर तो आमच्या ओसरीवर पालथा पडून होता. आमचे पाळक दाविदराव रोज संध्याकाळी रोग्यांना वचन सांगायला येत. बहुतेक रोगी झोपेचं सोंग घेत, खरं सांगायचं तर मीही कंटाळत असे. एक दिवस ते हिलालच्या खाटेशी थांबले. त्याची पाठ पाहिली आणि म्हणाले, "हिलाल, तू एका गावाच्या गाड्या ओढतोस. एक जण होऊन गेला, त्यानं साऱ्या जगाच्या ओढल्या. सगळ्यांचं पाप पाठीवर घेतलं, लाकडाचा खांब खांद्यावर घेतला आणि शिवेबाहेर गेला. तिथं त्याला खिळे ठोकले. तुझ्या जागी मेला तो."

हिलालनं मान वर केली. विचारलं ते भलतंच. "मंग पुढला साल कोनी ओढं?"

"कुणीच नाही. त्याला पुन्हा ओढावं लागलं नाही. पुरं झालं, असं तो त्या खांबावरूनच म्हणाला आणि मान टाकली. तिसऱ्या दिवशी उठला."

"येकच डाव? दरसाल नही?"

"एकदाच. सगळ्यांसाठी, कायमचं."

त्यानं तोंड उशीत घातलं आणि ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं जखम फाटली. मी धावले, तर तो म्हणतोय, "मंग मी सुटनू, बाई. मी सुटनू."

मी जन्माची ख्रिस्ती. वधस्तंभाचा अर्थ लहानपणापासून पाठ. देवाच्या पुत्रानं आपली शिक्षा स्वतःवर घेतली, आता आपल्याला काही फेडायचं उरलं नाही, भरवसा ठेवायचा, बस्स. पोपटासारखं म्हणून दाखवत असे. पण ते ऐकून माणूस असा रडतो हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला स्वतःचाच राग आला.

बोरीच्या डोहात त्याचा बाप्तिस्मा झाला. मग तो मिशनच्या आवारातच राहिला. विहिरीवर मोट हाकायची, झाडांना पाणी घालायचं. आडदांड आवाजात गाणी म्हणायचा, सूर नाही की ताल नाही, दाविदराव मध्येच डोळे मिटून घेत. त्या दिवसांतला हिलाल आठवला की अजूनही बरं वाटतं.

मग पुढची चैत्री पुनव जवळ आली. लोणवाडीचे उखर्डूआबा, गावचे पंच, त्याला न्यायला आले. वाईट माणूस नव्हे. ओसरीवर बसून माझ्या हातचा चहाही प्याले, आणि आमच्या हातचा चहा पिणं त्या दिवसांत सोपं नव्हतं.

हिलाल म्हणाला, "आबा, आते ओढानं काम नही. एक जननी ओढी टाकं. बठ्ठासनं."

आबांनी रिकामी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुनं ओढाई गयं व्हई, बापा. गावनं काय? गाव कोना पाठले हात लावी?"

 त्याला उत्तर दाविदरावांनी दिलं, लांबलचक दिलं, आबांनी ते मान हलवून ऐकलं आणि निघून गेले. गावानं अभिमनला उभं केलं. त्या घराचंच रक्त लागतं ना! अभिमन शिंपीकाम करायचा. किडकिडीत, खांदे पडलेले, मशीनवर वाकून वाकून छाती आत गेलेली. हिलाल धावत गावात गेला, धाकट्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं, ओढू नको म्हणाला. अभिमन चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तू सुटना ना भाऊ? मंग मी धरस. कोनी तरी धराले पायजे."

गावाच्या शिवेअलीकडे एक कोरडा नाला आहे. उताराला गाड्या पुढे रेटल्या गेल्या, अभिमनचा पाय निसटला, बगल्यांच्या हातून तो सुटला. पहिल्या गाडीचं चाक छातीवरून गेलं.

निरोप आला तेव्हा हिलाल मोटेवर होता. बैल तसेच सोडून तीन कोस पळत गेला. घरात शिरला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती, आणि भाऊ कुठाय हे कुणी सांगेना. दारातल्या घागरीवरचा पितळी लोटा त्यानं सवयीनं उचलला आणि घटाघटा पाणी प्याला. मग वळून पाहिलं तर अभिमन मधल्या घरात, कांबळं पांघरलेला.

अभिमनची बायको सुगंधाबाई. ती उशाशी बसली होती. उठून आली. जेठासमोर कधी पदर खाली न आलेली बाई, उघड्या डोक्यानं समोर उभी राहिली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "नाना, मना नवरा तुमना जागावर मरना."

त्याच्या हातातला लोटा तिनं काढून घेतला, दाराबाहेर गेली आणि उकिरड्यावर भिरकावून दिला. बाटलेल्या माणसाचं तोंड लागलं म्हणून नव्हे. तिला ते भांडंच नको होतं ज्यातून हा पाणी प्याला, आणि त्याला ते कळलं.

हे सोमवारी झालं. त्याच आठवड्यात आमचा उत्तम शुक्रवार होता. येशूच्या मरणाचा दिवस, बारा ते तीन उपासना चालते. हिलाल येऊन पुढे बसला, डोळे सुजलेले. दाविदराव व्यासपीठावर उभे राहिले आणि दरवर्षीप्रमाणेच म्हणाले, "तो तुझ्या जागी मेला."

हिलाल उठला. बाकं ओलांडत, माणसांना धडकत बाहेर गेला आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसला. ज्या शब्दांनी तो सुटला होता त्याच शब्दांनी त्याला गळफास लावला. मला ते तेव्हाच कळलं.

त्यानंतर तो कधी आत बसला नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मी मनुका भिजवून त्यांचं पाणी काढून देते, आमच्याकडे द्राक्षारस म्हणून तेच चालतं. सगळ्यांचं झालं की दाविदराव प्याला घेऊन स्वतः निंबाखाली जात. हिलाल मान हलवी. ते समजावत, "अरे, त्या दोषालाही क्षमा आहे. ख्रिस्ताचं रक्त त्यासाठीच सांडलं."

एकदा मी जवळच होते. हिलाल म्हणाला, "साहेब, तुमना प्रभू मना जागावर मरना, तो उठना. मना भाऊ उठना नही."

दाविदराव प्याला घेऊन परत आले. त्या दिवशी जेवले नाहीत, त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. तर अशी ती वर्षं गेली. हिलालनं गाणं सोडलं. मोट हाकायची, भाकर खायची, निंबाखाली बसायचं. मी पुष्कळ बोलले, भांडले, एकदा तर झाडू घेऊन अंगावर गेले. "अरे मेल्या, देवानं सोडलं तर तू कोण स्वतःला धरून ठेवणारा?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी झाडू खाली ठेवला.

लोणवाडीत अभिमननंतर गाड्या बंद होत्या. मग सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात गावात पटकी आली. घरोघरी माणसं गेली, लेकरं गेली. आमचा दवाखाना भरून ओसंडला. गावानं मनाशी धरलं, गाड्या ओढल्या नाहीत म्हणून हे झालं. यंदा चैत्रात ओढायच्याच. आणि त्या घरात आता गडी उरला होता एकच, अभिमनचा मुलगा झुलाल. नुकतं लग्न झालेलं, आणि अंगानं थेट बापावर गेलेला.

अठ्ठावन्न साली चैत्री पुनव आणि उत्तम शुक्रवार एकाच दिवशी आले. त्याच आठवड्यात सुगंधाबाई दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती हिलालशी एक शब्द बोलली नव्हती. तेव्हाही त्याच्याकडे पाठ करून माझ्याशीच बोलली. "बाई, त्यास्ले सांगा. येवढंच सांगानं व्हतं. यंदा मना झुलाल ओढी."

ओढा म्हणाली नाही, वाचवा म्हणाली नाही. निघून गेली. हिलालच्या हातातला मोटेचा दोर तसाच राहिला.

तो दाविदरावांकडे गेला, मीही मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी बोलावण्याची वाट कधी पाहते? हिलाल म्हणाला, "साहेब, मी देवीसाठे नही ओढस. पोऱ्याना जागावर ओढस."

दाविदराव उठून उभे राहिले. म्हणाले, "हिलाल, तू ओढलंस तर त्याचा अर्थ काय होईल? ख्रिस्ताचं ओढणं पुरं पडलं नाही, असा. आजूबाजूच्या खेड्यांतली नवी माणसं तुझ्याकडे बघतायत. ती म्हणतील, इकडेही पाय, तिकडेही पाय."

मी म्हटलं, "आणि पोरगं चाकाखाली गेलं तर?"

"देव राखील."

"अभिमनला राखलं?"

"सुनंदाबाई!" ते ओरडले. कधी ओरडत नाहीत.

त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून हेही सांगते. दुसऱ्याच दिवशी ते सायकलवर उन्हातान्हाचे लोणवाडीला गेले, पंचांच्या हातापाया पडले. पंचांनी पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग फौजदाराकडे गेले. धर्माच्या कामात मी पडत नाही, असं तो म्हणाला. परत आले तेव्हा पाय सुजले होते, मीच शेकले. पण हिलालला त्यांनी शेवटपर्यंत एकच सांगितलं, ओढलंस तर प्याल्याला हात लावू नकोस.

शुक्रवारी बारा वाजता उपासनेला बसले तर निंबाखाली हिलाल नाही. मला काही सुचेना. तीन वाजता प्रार्थना संपली तशी आयोडीन, पट्ट्या, फळ्या पिशवीत भरल्या आणि गाडी जुंपायला लावून लोणवाडीला गेले. मूर्तिपूजेला गेली म्हणाले लोक मागून. मी चाकासाठी गेले होते.

पोचले तेव्हा रांग लागलेली. हिलाल उघडा, हळदीनं माखलेला, जुन्या जखमेचा वळ पाठीवर. एकेक जण येऊन हात लावत होता. ज्यांची लेकरं पटकीनं गेली त्या बाया हात लावताना हंबरत होत्या. तो खाली बघत उभा होता. सुगंधाबाई रांगेत नव्हती. ती झुलालचं मनगट धरून बाजूला उभी होती.

गाड्या हलल्या. त्यानं ओढल्या, खरंच ओढल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मी कडेकडेनं पिशवी घेऊन पळत होते. नाला आला. जिथं अभिमन पडला तिथं येऊन हिलाल थांबला. दोन्ही हातांनी बगल्यांना झटकून दिलं, वळला आणि येणाऱ्या चाकाकडे तोंड करून उभा राहिला. मी किंचाळले. तो ओढायला आलाच नव्हता, तो चाकासाठी आला होता.

पण मागच्यांनी चाकांखाली दगड घातले. गाडी थबकली, नुसता दांडा त्याच्या बरगडीत बसला. बगल्यांनी त्याला पुन्हा धरलं, वळवलं, पुढे ढकललं. तो शिवेपार पोचला. गाड्यांवरचं एकही माणूस पडलं नाही, कुणाला ओरखडा नाही.

गुलाल उडाला, नारळ फुटले. उखर्डूआबांनी त्याला मिठी मारली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गाव वाचनं, हिलाल! आते पुढला साल बी तूच. तुना नंतर झुलाल शेच."

हिलालनं विचारलं, "पुढला साल?"

"दरसाल, बापा. दरसाल."

त्याचं तोंड मी पाहिलं. तो तिथंच गुलालात खाली बसला. त्याला वाटलं होतं चाक येईल आणि भावाचा हिशोब मिटेल. चाक आलं नाही. ओढल्यानं मिटेल, तर पुढचं वर्ष दारात उभं, आणि त्याच्यामागे झुलाल, झुलालचा पोरगा. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, हाई सरत नही." सुगंधाबाई दोन हातांवर उभी होती. तिनं आबांचं बोलणंही ऐकलं आणि त्याचंही.

माझ्या गाडीत कुशीवर पडून तो परत आला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेताना आत बुडबुड वाजत होतं. मला कळलं होतं आणि त्यालाही. बोरी ओलांडताना म्हणाला, "मानूस ओढीन ते कधीच सरावं नही. त्यानंच सरनं. येकच डाव. आते समजनं माले." मग थोड्या वेळानं, "रविवारले मी प्याला लिसू."

बाई गं, मला रडावं की हसावं कळेना. इतकी वर्षं प्याला त्याच्या तोंडापुढे फिरला.

रविवारी पुनरुत्थानाचा सण. मंडळी नवी लुगडी, धुवट धोतरं नेसून आलेली. हिलाल छातीला माझी पट्टी, अंगात ताप, भिंत धरत धरत आला आणि आत बसला. सगळ्यांनी माना वळवल्या. भाकर फिरली. प्याला फिरला. हिलालपाशी आल्यावर दाविदराव थांबले. हिलालनं दोन्ही हात पुढे केले.

दाविदरावांनी प्याला छातीशी घेतला आणि पुढच्या बाकाकडे गेले.

मी उठले. देवाच्या घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. "गाड्यांची गोष्ट त्याला तुम्हीच सांगितलीत ना, दाविदराव? मग आता तो ती समजून आलाय तर तोंड का फिरवता?"

"बसा, सुनंदाबाई," ते हळूच म्हणाले. प्याला त्यांनी छातीशी असा आवळला की मनुकांचं पाणी पांढऱ्या कापडावर सांडलं. नियम मोडला तर मंडळी मोडेल असं त्यांना खरंच वाटत होतं. तो नियम त्यांना किती जड गेला, तेही मी पाहिलं. पण प्याला त्यांनी दिला नाही तो नाहीच.

हिलाल रागावला नाही. हळूहळू उठला आणि आपल्या निंबाखाली गेला. मी त्याच्या मागे.

निंबाखाली सुगंधाबाई बसली होती. रस्त्यावर गाडी उभी, गाडीत वळकट्या, भांडी, झुलाल आणि त्याची बायको. भुसावळला तिचा भाऊ रेल्वेत होता, तिकडे निघाले होते सगळे, कायमचे. हिलाल तिच्यापासून लांब बसायला लागला तर ती उठून जवळ आली. बोलली ते सरळ त्याच्याशी बोलली.

"आकडा मी हिरमा टाकी दिना, नाना. आमना घरना आते कोनी ओढनार नही."

म्हणजे आकडा विहिरीत गेला होता. गाठोड्यातून तिनं एक लोटा काढला. पितळी, कड चेपलेली. उकिरड्यावर भिरकावलेला तोच. कधी उचलून आणला होता, इतकी वर्षं कुठं ठेवला होता, मी विचारलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी तिनं त्यात काढून ठेवलं होतं.

"पी ल्या, नाना," ती म्हणाली. "व्हई गयं आते."

हिलाल तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आम्ही प्याला धरतो तसा त्यानं तो लोटा दोन्ही हातांनी धरला. प्याला, पण बरगड्यांमुळे सगळं पिववेना. तिनं लोटा त्याच्या हातून घेतला आणि त्याचं तोंड लागलेल्या कडेलाच तोंड लावून उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. शेवटचा थेंबसुद्धा.

हिलाल माझ्याकडे वळून म्हणाला, "भेटना, बाई. प्याला भेटना." त्याच आठवड्यात तो गेला, ओसरीवर, माझ्या हाताला धरून.

कबर दफनभूमीच्या कुंपणाच्या आत खणायची की बाहेर यावरून मंडळीत भांडणं झाली. आत खणा, असं दाविदरावांनी सांगितलं. कशाच्या आधारावर, असं विचारणाऱ्यांसमोरून ते स्वतःच कुदळ घेऊन गेले. कारण त्या रविवारी सुगंधाबाई लोटा पालथा करून गाठोड्यात ठेवत होती, तेव्हा आमच्या प्रार्थनामंदिराच्या दारात दाविदराव उभे होते. हातात रिकामा प्याला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. हिलाल उपाशी गेला म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना जाऊन विचारावं.